जखमी जवानाला रणांगणातून बाहेर काढायचं नियोजन कधी आणि कसं होतं?

लढाईच्या आधीच. आर्मी मेडिकल कोअरमध्ये नर्सिंग असिस्टंट होतो, आता अंबाजोगाईला असतो, म्हणून सांगतो. हल्ल्याच्या बेतातच जखमींची वाट ठरलेली असते: आधी रेजिमेंटल एड पोस्ट म्हणजे पलटणीचीच प्रथमोपचार चौकी, मग अ‍ॅडव्हान्स ड्रेसिंग स्टेशन म्हणजे त्यामागचं उपचार ठाणं, पुढे फील्ड हॉस्पिटल.

हेलिकॉप्टर सगळ्यांच्या डोळ्यांत भरतं, पण ढग खाली उतरले की ते येऊ शकत नाही. मग सगळी भिस्त खांद्यांवर. आपल्याकडे पावसाळ्यात तांड्यावरून बाळंतिणीला बाजेवर घालून डांबरीपर्यंत आणतात ना, चौघं दमले की दुसरे चौघं पुढे होतात, अगदी तसंच. डोंगरात ही बदलीची माणसं आधीच मोजून ठेवावी लागतात. ऐनवेळी लढणाऱ्यांतून काढली तर मोर्चा रिकामा पडतो.

रक्त मात्र जागेवरच थांबवायचं. मांडीला टूर्निकेट, म्हणजे रक्त थांबवायचा पट्टा, आवळलं की वेळ लिहायचीच, चिठ्ठी नसेल तर पेनाने थेट कपाळावर. पुढचा डॉक्टर आधी तेच बघतो. ज्यांचा पाय जातो, त्यांच्यासाठी पुण्याला १९४४ पासून लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र आहे. तिथपर्यंतचा प्रवासही याच नियोजनात धरायला हवा, असं माझं ठाम मत आहे.