जपानी चित्रांसारखी फुलांची छायाचित्रे काढण्यासाठी पार्श्वभूमी कोरी ठेवणे पुरेसे आहे का?

पुरेसे नाही, त्या चित्रांचा परिणाम सावलीच्या अभावातून आणि रिकाम्या जागेच्या मांडणीतून येतो. टोकियोच्या नेझू संग्रहालयातील जपानी चित्रकार ओगाता कोरिन यांचे आयरिसच्या फुलांचे घडीचे पडदे पाहावेत. अठराव्या शतकाच्या प्रारंभीच्या या दोन पडद्यांवर सोन्याच्या वर्खावर जवळजवळ केवळ निळा आणि हिरवा रंग आहे. पाणी, जमीन, आकाश यांपैकी काहीही रंगवलेले नाही, तरीही फुलांचे ताटवे ज्या लयीने चढत-उतरत जातात, तिच्यामुळे मधले सोनेरी रितेपण पाण्यासारखे भासते. फुलांच्या छायाचित्रकाराला याहून चांगला गुरू मिळणे कठीण, असे मला मनापासून वाटते.

कॅमेऱ्याने हे साधण्यासाठी फुलामागे दुधी अ‍ॅक्रिलिकचा तक्ता ठेवून त्यामागून मऊ प्रकाश द्यावा. कॅमेऱ्यातील प्रकाश मोजणारा मीटर पांढऱ्या रंगाला करडा करू पाहतो, म्हणून एक्स्पोजर एक ते दोन स्टॉप (प्रत्येक स्टॉपला प्रकाश दुप्पट) वाढवावे. त्यामुळे सावल्या विरतात आणि पाकळ्यांच्या शिरा उजळतात. फांदी चौकटीच्या कडेतून आत आणावी, मधोमध ठेवू नये.

वाकलेला देठ किंवा किडलेले पान मात्र काढून टाकू नये. चित्रकार साकाई होइत्सु यांनी कोरिन यांच्याच वायुदेव आणि मेघगर्जनेचा देव यांच्या पडद्यांच्या मागील बाजूस, चांदीच्या वर्खावर, पावसाने झुकलेली उन्हाळी आणि वाऱ्याने झोडपलेली शरदातील रोपे रंगवली: पुढे देव, मागे त्यांनी वाकवलेले गवत.