थंडीने करपलेली ऑलिव्हची झाडे : कापण्याआधी थांबावे

प्रश्न : नोकरीनिमित्त आम्ही इटलीत, फ्लॉरेन्सजवळच्या एका खेड्यात राहतो. भाड्याच्या घराच्या आवारात ऑलिव्हची जुनी झाडे आहेत. या हिवाळ्यातील कडाक्याच्या थंडीनंतर त्यांची पाने तपकिरी होऊन गळत आहेत आणि काही फांद्यांची साल उभी फाटली आहे. शेजारचे वयस्कर शेतकरी सर्व झाडे आताच बुंध्यातून कापण्यास सांगतात. झाडे वाचतील का?
– एक वाचक, इटली

उत्तर : बहुतेक वाचतील, मात्र आता करवत लावू नये. आपल्या शेजाऱ्यांचा सल्ला अनुभवातून आलेला असावा. जानेवारी 1985 मध्ये फ्लॉरेन्सच्या परिसरात तापमान उणे 23 अंश सेल्सिअसपर्यंत उतरले होते आणि टस्कनीतील (फ्लॉरेन्स ज्या प्रांतात आहे तो) असंख्य झाडे जमिनीपर्यंत मेली होती. त्या वेळी बुंधे कापण्यावाचून दुसरा मार्ग उरला नव्हता. दर हिवाळ्यातील इजा मात्र इतकी खोल नसते. साधारणपणे उणे 7 अंशांच्या खाली पाने व कोवळ्या फांद्या करपू लागतात, तर जाड फांद्यांना आणि खोडाला मोठा धोका उणे 12 अंशांच्या पलीकडे असतो. थंडी किती काळ टिकली आणि त्याआधीची हवा कशी होती, यावरही बरेच अवलंबून असते. फ्रान्सच्या प्रोव्हान्स भागात 1956 चा जानेवारी उबदार गेला, झाडांत रस चढू लागला आणि फेब्रुवारीत एकाएकी पारा घसरला. तेथील ऑलिव्हच्या बागा उद्ध्वस्त होण्यामागे हेच मोठे कारण होते.

इजा किती झाली हे हिवाळ्यात नेमके कळत नाही. पाने गळणे म्हणजे फांदी मेली असे नव्हे आणि वरून हिरवी दिसणारी फांदीही काही आठवड्यांनी वाळू शकते. चाकूच्या टोकाने साल अगदी थोडी खरवडून पाहावी. आतला थर ओलसर व हिरवट-पांढरा असेल तर तो भाग जिवंत आहे. तो तपकिरी, कोरडा आणि लाकडापासून सुटलेला असेल तर मेला आहे. ही परीक्षा शेंड्याकडून बुंध्याकडे करत यावे आणि निर्णय मात्र वसंत सरून नवी फूट दिसेपर्यंत लांबवावा. कुठवर कापायचे, याची रेघ ती फूटच आखून देते. फुटीच्या वरचा वाळलेला भाग तेवढा जिवंत लाकडापर्यंत काढावा. घाईने केलेली छाटणी धडधाकट लाकूडही घालवते, म्हणून या एका बाबतीत मी आग्रही आहे.

खोडच मेले असेल तर बुंधा जमिनीलगत कापावा. ऑलिव्हच्या बुंध्याच्या तळाशी गाठींसारखे फुगवटे असतात. त्यांत सुप्त डोळे आणि साठवलेले अन्न असते आणि मातीचे पांघरूण असल्याने मुळे सहसा शाबूत राहतात. उसाचा खोडवा फुटावा तसे तेथून दाट फुटवे येतात. ते लगेच विरळ करू नयेत, कारण एवढ्या मोठ्या मुळांना पोसायला आता तेवढीच पाने आहेत. एक-दोन वर्षांनी एकमेकांपासून अंतर असलेले तीन-चार जोमदार फुटवे राखून बाकीचे टप्प्याटप्प्याने काढावेत. टस्कनीत जुन्या खुंटाभोवती तीन-चार खोडे असलेली झाडे जागोजागी दिसतात. त्यांतील कितीतरी 1985 नंतर अशीच उभी राहिली आहेत. फळ धरायला पुढे काही वर्षे लागतात.

येथे एक गोष्ट घरमालकांना आवर्जून विचारावी : झाडे कलमी आहेत का? कलमाच्या जोडाखालून आलेला फुटवा ज्यावर कलम बांधले त्या मूळ झाडाचा असतो, त्यावर हव्या त्या जातीचे कलम पुन्हा करावे लागते. स्वमुळावर वाढलेल्या झाडाला ही अडचण नसते. जातही विचारून घ्यावी. लेच्चिनो थंडी बऱ्यापैकी सोसते, फ्रान्तोयो तिच्यापेक्षा नाजूक आहे.

फाटलेल्या सालीतून जिवाणू शिरून फांद्यांवर खडबडीत गाठी येण्याचा रोग उद्भवू शकतो, म्हणून बोर्डो मिश्रणासारख्या ताम्रयुक्त औषधाची फवारणी हवा कोरडी असताना लवकर करावी. पाने गळाल्याने उघड्या पडलेल्या खोडाला आणि जाड फांद्यांना उन्हाळ्यापूर्वी चुना लावावा, नाहीतर ऊन साल भाजून काढते. नत्रखत फूट सुरू झाल्यावर बेताने द्यावे आणि उन्हाळा सरता सरता थांबवावे, कारण उशिरा आलेली कोवळी वाढ पुढच्या थंडीत सर्वांत आधी करपते.