जलपर्णी काढली, तरी पुन्हा येतेच!

प्रश्न : आमच्या गावच्या तळ्यातली जलपर्णी दोनदा काढली. पावसाळा सरला की पुन्हा हजर, पाणीही हिरवंगार. चुकतंय कुठं?

उत्तर : तुम्ही पीक कापताय, खत चालूच आहे! नाल्यातून येणारा फॉस्फरस हेच ते खत. मैला, साबण, शेतातली वाहून आलेली खतं, सगळ्यांतून येतं. वर्गात मी अमेरिकेतल्या सिएटलच्या लेक वॉशिंग्टन या तळ्याचं उदाहरण हमखास द्यायचो (मुलं कंटाळायची). तिथं सोडत ते प्रक्रिया केलेलं सांडपाणी होतं, तरी 1955 मध्ये त्रासदायक शेवाळ दिसलं. प्रक्रियेनं घाण जाते, पण फॉस्फरस बराचसा उरतोच. एडमंडसन या शास्त्रज्ञानं हे लोकांना समजावलं. 1963 ते 1968 दरम्यान सांडपाणी दुसरीकडे वळवलं. पूर्वी मीटरभरही खोल दिसत नसे. काही वर्षांतच नजर तीन मीटरपर्यंत पोचू लागली.

ते तळं मात्र खोल. तुमचं उथळ असेल तर गाळात साठलेला फॉस्फरस पाण्यात परत येत राहील, म्हणून वेळ जास्त लागेल. काढलेली जलपर्णी काठावर कुजू देऊ नका, सगळं परत आत जातं. आणि आधी नाला तळ्याला कुठं येऊन मिळतो ते बघून या.