सेक्शन कुठे आहे?

अनेक आशीर्वाद.

तुझे नकाशे मिळाले. गुहागरच्या बाजूची सहा वर्गांची शाळा, जांभ्याच्या भिंती, कौलारू छप्पर, मधोमध चौक. सोबत प्रश्न: ‘आपल्या मातीतल्या शाळा बांधायच्या आहेत, यात करिअर होईल का?’ त्याचं उत्तर शेवटी देतो. आधी नकाशांबद्दल.

चारही बाजूंची एलेव्हेशनं (बाहेरून दिसणारी बाजू) आहेत, थ्रीडी आहे, कातरवेळच्या उजेडातलं एक रेंडर तर घरी लावावं इतकं देखणं. सेक्शन, म्हणजे इमारत उभी कापून आतलं दाखवणारा नकाशा, मात्र एकच, तोही शीटच्या कोपऱ्यात, घाईत काढलेला. अगं, कोकणातली इमारत सेक्शनमध्येच घडते. तिथे वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तुझं छप्पर भिंतीबाहेर दीड फूट आलंय. आषाढातली झड तिरकी येते, ती खिडकीतून थेट पहिल्या बाकावर पोचेल. जुन्या घरांना पडवी असते ती भिंतीला छत्री म्हणून. तू पडवीचे खांब घेतलेस, पण तिची रुंदी चारच फूट ठेवलीस. तेवढ्यात चपला मावतील, मुलं नाही मावायची.

मी या कामात पडलो तो एका पत्र्याच्या शाळेमुळे. जुलैत दिवसभर शेवटच्या बाकावर जाऊन बसलो होतो. मोठी सर आली की बाई खडू खाली ठेवायच्या, मुलं हाताची घडी घालून गप्प बसायची. कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मी वहीत रेघा मारत होतो, सुट्टीपर्यंत अकरा झाल्या. म्हणजे त्या दिवशी अकरा वेळा पत्र्याने शिक्षण थांबवलं. कौलांवर तोच पाऊस पडतो, पण आवाज मऊ होतो. वारसा म्हटलं की मला अजून त्या अकरा रेघा आठवतात.

पण कौलं घातली की संपलं, असंही नाही. जुनं माजघर अंधारं असायचं, कारण तिथे कुणी फळ्यावरचं वाचत नव्हतं. पावसाळ्यात आभाळ भरलेलं, वर खोल पडवी, मग वर्गात उजेड कुठून येणार? आपल्याकडे कौलांच्या रांगेत मध्येच एखादं काचेचं कौल बसवतात, ते वापर. फक्त हिवाळ्यात त्याचा कवडसा दिवसभरात कुठून कुठे सरकतो ते आधी काढ, नाहीतर नेमका गणिताच्या तासाला फळ्यावर येऊन बसेल.

आता चौक. इथे माझीच फजिती सांगतो. पुण्याजवळच्या एका शाळेत मी वाड्याचा चौक जसाच्या तसा आणला होता. चारही बाजूंना वर्ग, मध्ये फरसबंदी, लाकडी खांब. छायाचित्रं मासिकात आली. वर्षभराने गेलो तर चौकाकडच्या सगळ्या खिडक्या बंद. एका वर्गात पाढे, समोरच्या वर्गात कविता, दगडी भिंतींवर आपटून दोन्ही एकमेकांत मिसळलेलं. मुख्याध्यापक भले गृहस्थ. म्हणाले, “साहेब, चौक सुंदर आहे, पण आम्ही तो रविवारीच वापरतो.” वाड्यात आवाज इकडून तिकडे जाणं सोयीचंच होतं, स्वयंपाकघरात बसून आजीला सगळं घर कळायचं. शाळेत तीच सोय जाच होते. तुझ्या चौकाची एक बाजू उघडी कर, वाऱ्याच्या दिशेची. आणि वर्गांची दारं समोरासमोर आणू नकोस.

जोतं उंच घेतलंस ते बरोबर. रॅम्प नाही, ते चूक. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात अडथळाविरहित प्रवेश, मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी, आहाराचं स्वयंपाकघर हे सगळं लिहिलेलं आहे. तुझी स्वच्छतागृहं पार मागच्या कुंपणाला आहेत. पावसात सात वर्षांची मुलगी तिथे भिजत जाईल, किंवा जाणारच नाही आणि म्हणून दिवसभर पाणीही पिणार नाही.

काय बघावं, असं विचारलं होतंस. बंगळुरूचं आयआयएम बघ. त्याचे वास्तुरचनाकार बाळकृष्ण दोशी मूळचे पुण्याचे, जन्म १९२७चा. फत्तेपूर सिक्रीकडे बघून त्यांनी तिथे उचललं काय, तर चौकांमधून चालत जाण्याची रीत. बंगळुरूच्या हवेत त्याच रितीचे झाडांनी झाकलेले लांब दगडी बोळ झाले, आणि वर्गाबाहेरच्या गप्पा तिथे रंगतात. पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था आहे, तिची इमारत वास्तुरचनाकार चार्ल्स कोरियांची. भिंतीत खाली आपला काळा पाषाण, त्यावर कडप्पा, सगळ्यात वर चकचकीत काळा ग्रॅनाइट. नजर वर चढते तसा काळा रंग खोल होत आकाशाकडे जातो. आत कुंड आहे, पण ते कुठल्या देवळातून उचलून आणलंय असं वाटत नाही.

आणि पत्र्याला मी इतक्या शिव्या दिल्या, तर हेही ऐक. पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासोमधल्या गांडो या आपल्या गावी वास्तुरचनाकार फ्रान्सिस केरे यांनी २००१मध्ये प्राथमिक शाळा बांधली. मातीच्या विटा, विटांचंच सच्छिद्र छत, आणि त्याच्या बऱ्याच वर उचललेला पत्रा. मधल्या फटीतून गरम हवा निघून जाते. पत्रा तोच, फक्त सेक्शन वेगळा. गावकऱ्यांनी स्वतः खपून ती उभी केली. २०२२चा प्रित्झकर, आमच्या क्षेत्रातला सर्वात मोठा पुरस्कार, त्यांना मिळाला. दोशींना तो २०१८मध्ये मिळाला होता.

साहित्याचं म्हणशील, तर आधी चिरेखाणीवर जा. ताजा निघालेला जांभा मऊ असतो, सहज तासता येतो, हवा लागली की कडक होतो. कुठला चिरा भिंतीत घ्यायचा आणि कुठला गडग्याला (कुंपणाच्या भिंतीला) टाकायचा, हे गवंडी हाताने ओळखतो. त्याच्याजवळ चार दिवस बस. आणि सोलापूरकडचं काम आलं तर हे सगळं विसर. तिथे माळवदाची, म्हणजे सपाट मातीच्या छपराची घरं, जाड मातीच्या भिंती, भोकं लहान. ‘महाराष्ट्रीय शैली’ नावाची वस्तू मला चाळीस वर्षांत सापडलेली नाही.

आता तो करिअरचा प्रश्न. सरकारी शाळेचं काम मिळालं तर सरकारी दरसूचीत नसलेल्या प्रत्येक गोष्टीचं दर पृथक्करण, म्हणजे तिचा दर कसा आला त्याचा हिशेब, करून द्यावं लागतं. चुन्याच्या गिलाव्यासाठी एका कार्यालयात मी आठ महिने खेटे घातले, शेवटी सिमेंटचाच झाला. संस्थांच्या शाळांत फी उशिरा येते, कधी नारळ आणि शालीवर भागवतात. पहिली पंधरा वर्षं माझं घर बंगल्यांवर चालत होतं. एक पेट्रोल पंपही केलाय, तो अजून उत्तम चालतो.

आणि काम संपलं तरी संपत नाही. कोकणातल्या माझ्या पहिल्या कौलारू शाळेची कौलं वानरांनी तीन वर्षांत फोडली. दुरुस्तीला पैसे नव्हते, कौलं शाकारणारा माणूस मुंबईला गेलेला. शाळेने वर पत्रा टाकला. मी चिडलो होतो, पण चूक माझीच होती. फुटलेलं कौल कोण बदलणार, हे मी विचारलंच नव्हतं. आता कराराच्या बोलणीतच विचारतो, आणि दोनशे जादा कौलं शाळेच्या खोलीत ठेवायला लावतो.

तर होईल करिअर, पण नुसत्या शाळांवर घर चालेल असं धरू नकोस. माझ्याकडे यायचं असेल तर नागपंचमीच्या आधी ये, पाऊस जोरात असताना. त्या पहिल्या शाळेत जाऊन दिवसभर बसू. वही, मीटर टेप आणि कपड्यांचे दोन जोड आण. तोवर पडवी आठ फुटांची करून तीन सेक्शन काढून पाठव, त्यात बाकावर बसलेलं मूलही काढ.

बाकी भेटीत.