अल्बाट्रॉस या मोठ्या समुद्रपक्ष्याचं घरटं वेबकॅमवर महिनोन्‌महिने बघत बसायचं, म्हणजे नेमकं काय बघता? कंटाळा नाही येत?

येतो की. खोटं कशाला सांगू? न्यूझीलंडमध्ये डुनेडिनजवळ टायआरोआ हेड नावाचं भूशिर आहे. तिथल्या रॉयल अल्बाट्रॉसच्या एका घरट्याचा अख्खा हंगाम मी बघितलाय, आणि त्यातला बहुतेक वेळ गवतात बसलेलं एक पांढरं गाठोडं बघण्यात गेला. कधी ते गाठोडं चोचीने गवताची काडी उचलतं, आपल्याभोवती ठेवतं, पुन्हा डुलकी काढतं.

नोव्हेंबरच्या सुमाराला अंडं घालतात, एकच. ते उबवायला जवळजवळ ऐंशी दिवस लागतात. नर-मादी पाळीपाळीने बसतात आणि दुसरं तोवर समुद्रावर असतं. दोघं दिसायला सारखीच. पायातल्या रंगीत कड्यांवरून कोण आलं ते कळतं. या टप्प्यात मी कॅमेरा उघडून भांडी घासायला जायचे.

खरी गंमत जानेवारी-फेब्रुवारीत. अंडं फुटायला आलं की तिथले रेंजर ते उचलून इनक्युबेटरमध्ये नेतात आणि बसलेल्या पक्ष्याच्या पोटाखाली नकली अंडं सरकवतात. कारण माश्या. पिल्लू कवच फोडत असताना माश्यांनी त्यावर अंडी घातली, तर अळ्या पिल्लाला खाऊन टाकतात. मग काही दिवसांनी नकली अंडं काढून जिवंत पिल्लू ठेवायचं. पक्षी जराशी चोच वाजवून निषेध करतो आणि पिल्लावर पंख सावरून बसतो. हे मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा चहा उतू गेला होता.

सुरुवातीचे पाचेक आठवडे एक पालक कायम जवळ असतो. त्यानंतर दोघंही समुद्रावर, आणि पिल्लू एकटं. पाऊस, वारा, कडाक्याची थंडी, सगळं अंगावर. आई किंवा बाप अचानक उतरतो, पिल्लू त्याच्या चोचीवर टकटक करतं, पोटातलं माखूल-मासळीचं कालवण थेट घशात, आणि थोड्याच वेळात स्वारी परत निघाली. आठवडाभर डोळ्यांत तेल घालून वाट बघावी आणि नेमकं आपण गॅसजवळ असताना हे व्हावं! पालक बरेच दिवस आले नाहीत किंवा पिल्लाचं वजन घसरलं, तर रेंजर स्वतः भरवतात. वजन नेमाने घेतात. भर ऐन वाढीत पिल्लू आईबापांपेक्षाही जड होतं, मग उडायच्या आधी बारीक होतं.

वेळेचं गणितही सांगते. ते आपल्यापेक्षा साडेसहा तास पुढे, त्यांच्या उन्हाळ्यात साडेसात. म्हणजे आपला सकाळचा चहा होतो तेव्हा तिथे दुपार. जून-जुलैत आपले साडेदहा-अकरा वाजेतो तिथे अंधार पडतो. त्यामुळे जे काय बघायचं ते सकाळीच.

माझ्या सासूबाई तर माझ्याहून जास्त अडकल्या. पिल्लाला तिथले लोक मतं घेऊन नाव ठेवतात. २०२२च्या पिल्लाला इंग्लंडच्या तेव्हाच्या राणीचं, एलिझाबेथचं, लहानपणचं लाडाचं नाव मिळालं, लिलिबेट. आमच्या घरी मात्र जे असेल त्याला ठमीच म्हणायचे. रोज पूजा झाली की पहिला प्रश्न: "काय गं, आली का ठमीची आई?" बाप आला असला तरी श्रेय आईलाच. मी दोन-तीनदा सांगून बघितलं, मग सोडून दिलं.

तुम्हाला सुरू करायचं असेल तर फेब्रुवारीत करा, नोव्हेंबरमध्ये नको. आणि वाऱ्याच्या दिवशी आवर्जून बघा. ऑगस्टपासून पिल्लू तीन मीटरच्या आसपास पसरणारे पंख उघडून उभं राहतं, वारा त्याला वीतभर उचलतो आणि ते घाबरून धपकन बसतं. असं शंभरदा. मग सप्टेंबरमध्ये कधीतरी एकदा बसत नाही.

आमची ठमी उडाली तेव्हा आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेली होती. सकाळी उघडलं तर नुसतं दबलेलं गवत. सासूबाईंनी चष्मा लावून नीट बघितलं. "परत कधी येईल?"

म्हटलं, "काही वर्षं तरी नाही. तोवर समुद्रावरच. दक्षिण अमेरिकेपर्यंत जातात."

"अगंबाई," त्या म्हणाल्या. "मग बंद कर ते. उगाच बॅटरी जाते."