मशीन ‘नॉर्मल’ म्हणतं, डॉक्टर ‘थांबा’ म्हणतात

प्रश्न : डॉक्टरसाहेब, माझी मुलगी इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. डेटा मायनिंग (ढीगभर नोंदींतून संगणकाने खुणा शोधणं) वापरून ईसीजीवरून हार्ट अटॅक ओळखायचा, असा तिचा प्रोजेक्ट आहे. निकाल म्हणे ९९ टक्के अचूक! मग गेल्या महिन्यात माझ्या धाकट्या भावाच्या छातीत दुखत होतं, मशीनने ‘नॉर्मल’ छापलं, तरी डॉक्टरांनी त्याला सोडलं नाही. तासाभरात आणखी दोन ईसीजी काढले. हे बिल वाढवणंच ना?
— एक वाचक, सांगली

उत्तर : बिलाचा संशय आधी मनातून काढा. अटॅकच्या सुरुवातीला ईसीजी चक्क नॉर्मल दिसू शकतो. म्हणून दुखणं चालू असेल तर पहिल्या तासात दर १५ ते ३० मिनिटांनी तो पुन्हा काढायचा आणि सोबत ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली का, हे सांगणारी रक्ततपासणी) करायचं, हीच पद्धत आहे. हृदयाच्या मागच्या भिंतीचा अटॅक तर नेहमीच्या बारा लीडमध्ये, म्हणजे ईसीजीच्या बारा बाजूंच्या नोंदींत, सरळ दिसतच नाही. छातीवरच्या व्ही-१ ते व्ही-३ या लीडमध्ये एसटी (प्रत्येक ठोक्याच्या रेषेतला एक भाग) खाली गेलेला दिसला, की आम्ही पाठीवर इलेक्ट्रोड लावून बघतो. कागदाच्या डोक्यावरची छापील ओळ मी शेवटी वाचतो. पेशंट मात्र तीच आधी वाचून दाखवतात.

आता लेकीचे ९९ टक्के. तिला विचारा, डेटा कुठला? बहुतेक बर्लिनचा ‘पीटीबी’ संग्रह असेल, विद्यार्थी तोच घेतात. त्यात २९० माणसांचे ५४९ आलेख आहेत. अटॅकचे रुग्ण १४८, निरोगी ५२. नुसत्या या दोनशेंत डोळे मिटून सगळ्यांना ‘अटॅक’ म्हटलं तरी ७४ टक्के बरोबर! शिवाय एकेका आलेखात शंभरच्या वर ठोके असतात. ते सुटे करून पिसले, तर एकाच माणसाचे काही ठोके संगणकाला शिकवताना वापरले जातात आणि काही परीक्षेला येतात. हा पेपर फुटल्यातलाच प्रकार. वाटणी ठोक्यांची नको, माणसांची करायला सांगा. आकडा खाली येईल, पण खरा असेल.

शिकवायला एक माणसं आणि परीक्षेला दुसरी, याचं जुनं, चांगलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. डॉ. ली गोल्डमन आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये छातीत दुखणाऱ्या ४८२ रुग्णांच्या माहितीवरून संगणकाकरवी निदानाचे नियम काढले आणि ते तपासले दुसऱ्याच हॉस्पिटलमधल्या ४६८ रुग्णांवर. त्यांनी ईसीजी एकटा धरला नव्हता, दुखण्याची लक्षणंही जमेस धरली होती. तुमच्या भावाच्या डॉक्टरांनी तेच केलं.

भावाचे तिन्ही ईसीजी जपून ठेवा. पुढच्या वेळी जुना आलेख शेजारी ठेवला, की नवा बदल लगेच कळतो. पण तो थर्मल कागद असतो, वर्षा-दोन वर्षांत पुसट होतो आणि लॅमिनेट केला तर उष्णतेने काळा पडतो. आजच झेरॉक्स काढा, एक फोटो मोबाइलमध्येही ठेवा.