कॅन्सल केलेला ३ गेला कुठे?

प्रश्न : लेक अकरावीला आहे. टेस्टमध्ये (क्ष² − ९)/(क्ष² − ५क्ष + ६) हे फंक्शन कुठे डिफाइन होत नाही असं विचारलं होतं. तिनं फॅक्टर पाडले, वरखालचा (क्ष − ३) उडवला, (क्ष + ३)/(क्ष − २) उरलं म्हणून उत्तर २ लिहिलं. सरांनी अर्धेच मार्क दिले, म्हणे ३ पण हवा. मग कॅन्सल करायचंच नाही का?
– एक आई, सांगली

उत्तर : ताई, सरांचं बरोबर आहे, पण लेकीचं गणितही कच्चं नाहीये, फक्त घाई झाली. कॅन्सल करायला हरकत नाही, पण कॅन्सल करणं म्हणजे वरखाली (क्ष − ३) नं भागणं, आणि क्ष जर ३ च असेल तर आपण शून्यानं भागतोय की! म्हणून आधी मूळचा छेद घ्यायचा, तो शून्याला मांडायचा, (क्ष − २)(क्ष − ३) = ०, उत्तरं २ आणि ३, ती वहीत लिहून टाकायची आणि मग काय ती काटाकाटी करायची.

तरी २ आणि ३ मध्ये फरक आहे बरं का, तिला कॅल्क्युलेटर देऊन मूळच्याच फंक्शनमध्ये आकडे घालायला सांगा. क्ष = २.९९९ घातलं की साधारण ६.००५ येतं, ३.००१ ला ५.९९५, म्हणजे दोन्हीकडून गाडी ६ कडेच चाललीय, पण नेमकं ३ घातलं की एरर. ग्राफला तिथं फक्त एक बारीक भोक पडतं. २ चं तसं नाही, २.००१ ला ५००१ आणि १.९९९ ला थेट उणे ४९९९, ग्राफ एकीकडे आभाळात तर दुसरीकडे पाताळात.

भास्कराचार्यांनी शून्य छेदाच्या राशीला ‘खहर’ म्हटलंय, ख म्हणजे शून्य आणि हर म्हणजे छेद. मला तर हा शब्द ‘अनडिफाइन्ड’पेक्षा आवडतो, बघायचं कुठे ते शब्दातच आहे.

आणि हो, काही मुलं अंश शून्य करून −३ पण लिहून येतात. ते नको, तिथं ०/३० म्हणजे सरळ शून्य उत्तर येतं. छेदात क्ष² + १ असेल तर वास्तव संख्यांत तो शून्य होतच नाही, तेव्हा ‘कुठेच नाही’ असं बिनधास्त लिहायचं, पेपरात असलं उत्तर लिहायला मुलं उगाच घाबरतात.